पिंडीच्या डोंगराची पूर्ण फेरी

मुलांनो, डोळ्यांसमोर एक डोंगर आणा. डोळे मात्र मिटू नका, पुढं वाचायचं आहे.

फार उंच डोंगर नको. तुमच्या आजोबांनाही दम न लागता चढता येईल एवढाच. अंगावर धावडा, पळस, सालई आणि बोरींची गच्च झाडी. पायथ्याशी छोटं गाव. गावातून निघालेली पायवाट झाडीत शिरते, डोंगराला वळसा घालते आणि पलीकडून पुन्हा गावात उतरते.

आला डोळ्यांसमोर?

आता त्या वाटेवर आपण चालतो आहोत. डोंगर सतत उजव्या हाताला आहे. ऊन कलतं आहे.

आणि पुढच्या वळणापलीकडं कुणीतरी चालतं आहे...

मी सांगतो ते खरं घडलेलं आहे. मी स्वतः तिथं होतो. आयुष्यभर मुलांना शिकवलं, त्यामुळं मुलांना उगीच घाबरवायची मला सवय नाही. कुणी भुताची गोष्ट सांगितली, तर मीच आधी चार प्रश्न विचारतो. या घटनेलाही विचारून पाहिले. उत्तरं मिळाली नाहीत, म्हणून लिहितो आहे.

गावाचं नाव सावरदरा समजा. धाराशिवहून कळंबच्या रस्त्याला लागलं की बालाघाटाचे डोंगर दिसतात, त्यांच्या कुशीतलं गाव. खरं नाव मुद्दाम देत नाही. तुमच्यातले काही जण नक्की बघायला जातील, आणि तेच मला नको आहे.

गावामागच्या डोंगराला पिंडीचा डोंगर म्हणतात. माथा गोल आहे आणि माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. देवळातून एक ओढा निघतो आणि डोंगराच्या मागच्या अंगानं, उत्तरेकडं, खाली उतरतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या.

महादेवाच्या देवळात आपण पूर्ण फेरी मारत नाही. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. पन्हळीपर्यंत जायचं, मागं फिरायचं, मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत. तुम्हीही घरच्यांबरोबर असंच केलं असेल.

सावरदऱ्याची माणसं हा नियम अख्ख्या डोंगराला लावतात. त्यांच्यासाठी डोंगर हीच पिंड आणि ओढा ही पन्हळ. शेळ्या-मेंढ्या घेऊन ओढ्यापर्यंत जातात आणि तिथून मागं फिरतात. पलीकडं काम असेल तर सगळा डोंगर उलट फिरून दुसऱ्या बाजूनं येतात. एखादी शेळी ओढा ओलांडून गेली, तरी तिच्यामागं पाण्यात पाय घालत नाहीत.

का, असं विचारलं तर सांगतात, आमच्यात तसं करत नाहीत. बस्स, एवढंच.

मी त्या गावात राहायला जायच्या तीन वर्षं आधी एकानं ओढा ओलांडला.

त्याचं नाव बलभीम. धनगर समाजाचा, शेळ्या राखणारा, हसऱ्या तोंडाचा तरणा माणूस. त्या दिवशी त्याला घरी लवकर यायचं होतं. ओढ्याच्या पलीकडं डोंगराच्या कडेनं गाडीवाट आहे, सपाट आणि सोपी. अलीकडची वाट दगडधोंड्यांची. दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं म्हणून तो पलीकडून निघाला असावा. ओढ्यावर दुसऱ्या एका राखोळ्यानं त्याला दुरून पाण्यात उतरताना पाहिलं होतं.

दिवे लागायच्या वेळी शेळ्या घरी आल्या. सगळ्या आल्या.

बलभीम आला नाही.

आणि शेळ्यांच्या गळ्यात... एकही घंटी नव्हती. पट्टे नव्हते, दोऱ्याही नव्हत्या. कुणीतरी एकेक करून सोडून घेतल्यासारख्या.

गावानं शोधलं. पोलीस आले. कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं पुण्याला पळाला असेल. डोंगर पिंजून काढला, पण चप्पलसुद्धा सापडली नाही.

त्याच्यामागं राहिल्या बायको वर्षाराणी आणि मुलगी शिवकन्या.

शिवकन्या तेव्हा दुसरीत होती. मी परंड्याच्या शाळेतून निवृत्त होऊन सावरदऱ्यात राहायला आलो, तेव्हा पाचवीत गेली होती. माझ्या ओसरीवर संध्याकाळी गावातली मुलं जमायची. गणितं सोडवायची, पानं गोळा करून झाडं ओळखायची. शिवकन्या कोपऱ्यात बसायची. पाढे पाठ, अक्षर सुरेख. प्रश्न मात्र एकच विचारायची. डोंगराच्या मागच्या बाजूला काय आहे?

मी तिला नकाशा काढून दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "यात वाट गोलच हाय की. मग माणूस हरवंल कसा?"

मी नकाशाची घडी घातली.

मार्गशीर्षात पुण्याहून रणधीर आला. गावातलाच पोरगा, तिकडं कंपनीत नोकरीला. त्याच्या डोक्यात एक योजना होती. शहरातल्या लोकांना सुट्टीच्या दिवशी डोंगर फिरवायचा, दुपारी चुलीवरचं जेवण द्यायचं, संध्याकाळी पाठवून द्यायचं. त्यासाठी त्यानं सगळ्या वाटेवर दगडांना चुन्यानं बाण काढले. ओढ्यातही पाय ठेवायला चपटे दगड टाकले.

गावातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. रणधीर हसून म्हणाला की पाणी ओलांडलं म्हणून महादेव रागावणार असेल, तर पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्यावर रागवायला पाहिजे.

एका रविवारी त्यानं ओसरीवरच्या मुलांना फेरीला न्यायचं ठरवलं. मला म्हणाला, काका, तुम्ही झाडं दाखवा, मी वाट दाखवतो. मी हो म्हणालो, पण ओढ्यापासून मागं फिरायचं, या बोलीवर. ओढ्याला मी घाबरत होतो असं नाही. पण ज्या गावात राहायचं, त्या गावाचा शब्द पाळावा असं मला वाटतं.

वर्षाराणीनं शिवकन्येला पाठवायला आधी साफ नकार दिला. मग संध्याकाळी स्वतःच माझ्या दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "पोरगी जेवंना झालीय, गुरुजी. न्या. पर वढ्यापसून मागं फिरा. मला येवढी येकच हाय."

मी शब्द दिला.

सकाळची जेवणं आटोपून आम्ही निघालो. रणधीर, मी आणि पाच-सहा मुलं. त्यात रणधीरचा भाचा समर्थ होता, अखंड बडबड्या. वाटेत प्रत्येक बोरीला त्यानं हात घातला. खिसे भरले, तेव्हा टोपीत भरली. माझी चेष्टा करत म्हणाला, "गुरुजी, ह्या झाडाचं नाव मला बी येतंय. ह्याला फुकट म्हणत्यात."

मुलं हसली. शिवकन्याही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

धावड्याचा डिंक दाखवला. पळसाचं पान दुमडून द्रोण करायला शिकवलं. मोर ओरडत होते. लांडोरी पाचोळ्यातून पळत होत्या. एवढी चांगली दुपार मला त्या गावात दुसरी आठवत नाही.

मग समर्थच्या पायात काटा गेला. हिवराचा, लांब. काढता काढता बराच वेळ मोडला. तो पुढं लंगडत चालला, त्याच्याबरोबर सगळेच सावकाश झाले.

ओढ्यावर पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

समर्थ एका खडकावर बसून बोरं खाऊ लागला. बिया खडकावरच टाकत होता. मी मुलांना म्हटलं, पाणी प्या, आता मागं फिरू.

रणधीरनं मान हलवली. मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की आल्या वाटेनं गेलो तर दगडांतच अंधार होईल. पोराचा पाय असा. पलीकडं गाडीवाट आहे, अंधार पडायच्या आत घरी.

खोटं सांगायला नको, त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तरी मी नाही म्हणालो. मी वर्षाराणीला शब्द दिला होता. आम्ही दोघं तिथंच उभे राहून बोलत राहिलो.

तेवढ्यात समर्थ ओरडला, "गुरुजी, शिवकन्या बघा."

मी वळलो.

शिवकन्या ओढ्याच्या पलीकडं उभी होती. चपला अलीकडं, दगडावर नीट जोडून ठेवलेल्या. तिची पाठ आमच्याकडं होती. मान थोडी वाकडी करून ती काहीतरी ऐकत होती.

मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

ती झाडीत शिरली.

आता बोलीचा प्रश्नच उरला नाही. आम्ही सगळे पाण्यात उतरलो. मुलं अनवाणी, रणधीर बुटांसकट, मी चपला हातात घेऊन. समर्थला रणधीरनं पाठीवर घेतलं. शिवकन्येच्या चपला मी उचलून पिशवीत टाकल्या.

पलीकडं चढलो आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

मोर ओरडत नव्हते.

पाखरं नव्हती. पाचोळ्यात सळसळ नव्हती. मागं ओढ्याचं पाणी दगडांवरून पडत होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता. आमच्या पावलांचा तेवढा येत होता...

थोड्या अंतरावर शिवकन्या सापडली. वाटेच्या मधोमध उभी. मी तिचा हात धरला. थंडगार होता. तिला रागावलो नाही. काय झालं, एवढंच विचारलं.

"ऐका," ती म्हणाली.

आणि मग मला ऐकू आलं...

घंट्या.

शेळ्यांच्या गळ्यातल्या. लहान-मोठ्या, वेगवेगळ्या आवाजांच्या. पुढच्या वळणापलीकडून. शेळ्या चरत चरत चालतात तेव्हा जशा वाजतात, तशा. थांबत, पुन्हा वाजत.

शिवकन्या बोट उचलून एकेक ओळखू लागली. "ही मोरीची. ही बांडीची. ही फुटकी हाय ना, ही आमच्या बोकडाची."

मोरी आणि बांडी त्या वेळी गावात, तिच्या घरी दावणीला होत्या. सकाळी निघताना मी त्यांना पाहिलं होतं.

रणधीर म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या तरी असतील. आवाज मोठा केला होता, पण माझ्याकडं बघत नव्हता. आम्ही भराभर चालू लागलो. वळण आलं. वळणापलीकडं कुणी नव्हतं.

घंट्या त्याच्या पुढच्या वळणापलीकडं वाजत होत्या.

किती वळणं गेली मला सांगता येणार नाही. डोंगर उजव्या हाताला होता. गाडीवाट लागायला हवी होती, लागली नाही. गावाच्या वेशीवरच्या मोबाईल टॉवरचा लाल दिवा दिसायला हवा होता, दिसला नाही. दगडांवर रणधीरचे चुन्याचे बाण मात्र होते. प्रत्येक वळणावर, ठळक.

एके ठिकाणी रणधीर थांबला. बाणाकडं बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका... इतके बाण म्या काढलेले न्हायत."

मुलं एकमेकांना चिकटून चालत होती. समर्थनं रणधीरच्या पाठीत तोंड खुपसलं होतं. वाट खाली उतरायला लागली. झाडी दाट झाली. पुढं पाण्याची लकाकी दिसली.

ओढा.

पहिल्यांदा मला वाटलं, दुसरा असेल. डोंगराला दुसरा ओढा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं.

काठावर तो खडक होता. खडकावर बोरांच्या बिया होत्या.

आम्ही पुन्हा ओढ्याच्या अलीकडं उभे होतो. जिथं पहिल्यांदा आलो, तिथंच. मधे गाव लागलंच नव्हतं.

पाण्यातल्या चपट्या दगडांवर आमची ओली पावलं होती, पलीकडं जाणारी. केव्हाचे आम्ही इथून गेलो होतो, तरी ती वाळली नव्हती. मुलांची लहान पावलं. रणधीरच्या बुटांचे ठसे. माझी.

आणि सगळ्यांच्या मागून... आणखी एक पाऊल.

मोठ्या माणसाचं. अनवाणी. बोटं फाकलेली.

आम्ही ओलांडून गेलो, तेव्हा कुणीतरी आमच्या मागोमाग ओलांडून आलं होतं. मग घंट्या पुढं कशा वाजत होत्या? मी या प्रश्नावर फार विचार केला आहे. गोल वाटेवर पुढं काय आणि मागं काय...

रणधीर घाबरला होता. पुन्हा ओलांडू, या वेळी गाडीवाट लागेल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, देवळात पन्हळीशी आल्यावर काय करतोस? तेच कर. इथून मागं फिर.

तो फिरला. मुलंही फिरली.

शिवकन्या फिरली नाही.

ती पाण्याच्या कडेला उभी होती. तेवढ्यात पलीकडून आवाज आला... जीभ टाळूला लावून काढलेला. टक्... टक्... आणि मग लांबवलेला, हाऽऽव.

शेळ्या राखणाऱ्या प्रत्येकाची हाक वेगळी असते. धन्याच्या हाकेवरच शेळ्या वळतात. ही हाक कुणाची होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. शिवकन्येचा चेहराच सांगत होता.

मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसलो. आपण घरी जाऊ, म्हटलं.

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "म्याच म्हणले होते पप्पाला, लौकर या. शाळेत माझा नाच होता. म्या म्हणले न्हाय आलात तर बोलनार न्हाय. म्हणून त्यांनी पाणी वलांडलं."

तीन वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं, आणि तेच घेऊन ती माझ्या ओसरीवर बसत होती.

तिचा एक पाय पाण्यात होता. जोरानं ओढलं असतं, तर कदाचित आली असती. कदाचित हात सुटलाही असता. अंधार उतरत होता, आणि ती हाक जवळ येत होती. मुलांना समजावताना जे त्यांना समजेल, तेच बोलावं लागतं. मी बोललो.

"बाळ, तुझ्या पप्पाला मागं फिरता येत नाही. ते गोल फिरतायत. तू पलीकडं गेलीस तर तूही फिरत राहशील. पण तू मागं फिरलीस, तर त्यांना वाट दिसेल. ते तुझ्या मागं घरी येतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "खरंच?"

"खरंच," मी म्हणालो.

मुलांनो, मला तिला घरी न्यायचं होतं. एवढंच माझ्या मनात होतं.

तिनं पाण्यातून पाय काढला आणि वळली. मी तिच्या चपला तिच्या पायांत घातल्या. आता डोंगर डाव्या हाताला होता. आम्ही दगडधोंड्यांच्या वाटेनं निघालो. रणधीरनं मोबाईलचा उजेड धरला. लहान मुलांनी एकमेकांचे सदरे धरले. कुणीही मागं बघायचं नाही, असं मी सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही.

थोडं चाललो, आणि रातकिडे ओरडायला लागले. मोबाईलवर मेसेज येऊन पडल्याचा आवाज झाला. झाडांच्या फटीतून टॉवरचा लाल दिवा दिसला. समर्थ हुंदके देऊन रडला, आणि त्याचं रडणंसुद्धा मला बरं वाटलं.

आणि मग... मागं घंटी वाजली.

एकच. फुटकी.

शिवकन्येनं माझा हात घट्ट दाबला. ती हसत होती.

ती घंटी गावाच्या वेशीपर्यंत आमच्या मागं वाजत आली. आम्ही थांबलो की थांबायची. चाललो की वाजायची. रणधीरला ती ऐकू येत होती. तो तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होता, आणि ओळी विसरत होता.

वेशीत आवाज थांबला.

मुलांना ज्यांच्या त्यांच्या घरी सोडलं. शिवकन्येचं घर गावाच्या कडेला आहे, डोंगराकडं तोंड केलेलं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाच्या बाजूला शेळ्या कोंडायचा, काट्यांच्या कुंपणाचा वाडगा. वाडग्याला बोरीच्या फांद्यांचं फाटक. त्याला आम्ही झापा म्हणतो. वाडग्याचं एक तोंड अंगणात आणि दुसरं बाहेर, डोंगराच्या वाटेवर उघडतं.

वर्षाराणी चुलीपुढून उठून आली. पोरीला छातीशी धरलं, चाचपलं, मग मला विचारलं, "वढ्यापसून मागं फिरलात न्हवं?"

मी म्हणालो, फिरलो. खोटं बोललो नाही.

तिनं मला चहा दिला. तो अजून कपात होता, तेव्हा वाडग्यातल्या शेळ्या उठल्या.

सगळ्या एकदम.

शेळ्या घाबरल्या की लांबच्या कोपऱ्यात गर्दी करतात. या बाहेरच्या झाप्याकडं गेल्या आणि त्याला तोंडं लावून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. शेपट्या हलत होत्या. धनी पाला घेऊन आला की उभ्या राहतात, तशा. त्यातल्या कितीतरी शेळ्या बलभीम गेल्यानंतर जन्मलेल्या होत्या. त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

कुत्रं बाजेखाली शिरलं. भुंकलं नाही.

झाप्याच्या पलीकडं कुणीतरी उभं होतं. अंधारात आकार दिसत नव्हता. पण फांद्यांच्या फटींतून वेशीवरच्या टॉवरचा दिवा दिसायला हवा होता, आणि तो दिसत नव्हता...

"कोण हाय?" वर्षाराणीनं विचारलं.



शिवकन्या उठली. म्हणाली, पप्पा आलेत. गुरुजी म्हणाले होते येतील.

वर्षाराणीनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग तिनं पोरीचा हात धरला आणि अगदी हळू, समजावून सांगावं तसं बोलली.

"शिवे, तुझा बाप असता तर त्यो भाईर उभा ऱ्हायला नसता. ह्यो झापा त्यानंच बांधलाय. त्याला उघडता येतो."

 चुलीतलं लाकूड तडकलं.

आणि बाहेरून... अगदी जवळून... टक्... टक्...

मला लोक विचारतात, मग पुढं काय झालं? दिसायला काही झालं नाही. शिवकन्या आज सातवीत आहे. पहिल्या नंबरानं पास होते. तिला विचारूनच हे लिहितो आहे. शेळ्याही धडधाकट आहेत. रणधीर मात्र पुन्हा गावाकडं आला नाही. वर्षाराणी दिवस मावळायच्या आधी घराचं दार आतून लावून घेते. संध्याकाळी वाडग्यात जायचं काम शिवकन्या एकटी करते, आणि तिला तिथं फार वेळ लागतो. कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येतो. एकटीचाच येतो, असं शेजारी म्हणतात. मी त्या बाजूला संध्याकाळी जात नाही.

त्या रात्री, झाप्याबाहेर ती टक् टक् ऐकू आली तेव्हाच, मी तिला सांगायला हवं होतं की मी बोललो ते नुसतं समजावण्यासाठी होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडं बघत होती. ओसरीवर एखादं उत्तर बरोबर आलं की बघायची, तशी.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमीच म्हणलात ना, खरंच?"

मी हातातला कप खाली ठेवला.

तिनं आईचा हात सोडवला. शेळ्यांमधून वाट काढत झाप्यापाशी गेली. दोरीची गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दातांनी सोडवली. दोन्ही हातांनी झापा आत ओढला.

मग कडेला सरकली, आणि आत येणाऱ्याला वाट दिली.